नौकेवरील जुनी उपकरणे आणि त्यांचे दुभाषी

नौका आणि तिच्यावरील उपकरणे यांचे आयुर्मान सारखे नसते. फायबरग्लासची शिडाची नौका नीट राखली तर चाळीस-पन्नास वर्षे पाण्यावर राहते. तिच्या तळाला छिद्र पाडून बसवलेला, खोली मोजणारा संवेदक बदलायचा तर नौका पाण्याबाहेर काढावी लागते, म्हणून तोही वर्षानुवर्षे तसाच राहतो. डोलकाठीच्या टोकावरचे वाऱ्याचे यंत्र उतरवायचे तर माणूस वर चढवावा लागतो, म्हणून त्याच्याही वाट्याला तीच दिरंगाई येते. सुकाणूपाशी बसवलेला, नकाशा दाखवणारा पडदा मात्र काही वर्षांनी हटकून बदलला जातो. परिणामी एकाच नौकेवर तीन-चार पिढ्यांची उपकरणे एकत्र नांदतात, पण त्यांची आपसात बोलण्याची भाषा एक नसते. हा भाषाभेद मिटवण्यासाठी अलीकडे मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे गणन, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडणी हे सारे एकाच चिपेत सामावलेल्या छोट्या संगणकाचा, उपयोग केला जातो. प्रश्न मात्र या चिपेहून बराच जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की मोजण्याची तत्त्वे फारशी कालबाह्य झालेली नाहीत. कालबाह्य झाली, किंवा होऊ दिली गेली, ती मोजलेली गोष्ट दुसऱ्या यंत्राला सांगण्याची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेग, खोली आणि दिशा ही तिन्ही मापे माणसाच्या हाताने स्वतंत्रपणे घेतली जात आणि त्यांचा मेळ नकाशाच्या टेबलावर पेन्सिलीने घातला जाई. गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून वेग मोजत आणि शिसे बांधलेला दोर सोडून खोली. इंग्लंडमधील थॉमस वॉकर यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेला लॉग, म्हणजे नौकेमागे ओढत नेलेल्या पंख्याच्या फेऱ्या मोजून अंतर सांगणारे यंत्र, आणि लॉर्ड केल्विन यांनी १८७० च्या दशकात सुधारलेले होकायंत्र व पोलादी तारेचे खोलीमापन यंत्र यांमुळे मापे अधिक भरवशाची झाली. तरीही यंत्रापाशी जाऊन आकडा वाचणे आणि तो दुसऱ्याला ओरडून सांगणे हाच त्या काळचा माहितीमार्ग होता. एका ठिकाणी मोजायचे आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवायचे ही गरज खऱ्या अर्थाने निर्माण केली ती घूर्णी होकायंत्राने. वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या आधारे खरी उत्तर दिशा शोधणारे हे यंत्र जर्मनीत हेरमान अन्शुट्झ-केम्फे यांनी १९०८ च्या सुमारास आणि अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी १९११ मध्ये जहाजावर आणले. हे यंत्र जड होते, कंपनांना हळवे होते आणि जहाजाच्या पोटात, जिथे हेलकावे कमी, तिथेच ते नीट चाले. दिशा मात्र हवी असे वर, सुकाणू धरणाऱ्यापाशी, आणि तीही एकाच वेळी अनेक जागी.

यावर जो उपाय निघाला तो पुढच्या शंभर वर्षांच्या जोडकामाचा मूळ नमुना म्हणता येईल. मुख्य यंत्राला एक फिरता स्विच जोडलेला असे आणि तो तीन तारांना आळीपाळीने वीज देई; वरच्या दर्शकातील, म्हणजे रिपीटरमधील, छोटी मोटर त्या क्रमानुसार एकेक पाऊल पुढे किंवा मागे सरके. सर्वाधिक रूढ झालेल्या रचनेत एका अंशाची सहा पावले, म्हणजे एक पाऊल दहा कलांचे असे, आणि तारांवरचा दाब ३५ किंवा ७० व्होल्ट असे. रचना साधी आणि दणकट होती, पण तिच्यात एक जन्मजात उणीव होती. पावले बदल सांगतात, स्थिती सांगत नाहीत. वीज गेली आणि परत आली, किंवा मध्ये एखादे पाऊल हुकले, तर रिपीटर तेवढ्या फरकाने चुकीची दिशा आत्मविश्वासाने दाखवत राही. म्हणून प्रवासाच्या आरंभी आणि पहारा बदलताना प्रत्येक रिपीटर मुख्य यंत्राशी हाताने जुळवून घ्यावा लागे. याला पर्याय म्हणून नौदलांत सिंक्रो नावाची रचना रूढ झाली. तिच्यात एकमेकींशी १२० अंशांचा कोन करणाऱ्या तीन वेटोळ्यांतील प्रत्यावर्ती दाबांच्या प्रमाणावरून कोन थेट कळतो, त्यामुळे वीज गेली तरी परत येताच योग्य दिशा दिसते. पावलांची रचना मात्र स्वस्त असल्यामुळे व्यापारी जहाजांवर टिकून राहिली. जहाजतोडणीतून निघालेले असे पितळी रिपीटर मुंबईच्या जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून विकले जातात, आणि विकत घेणाऱ्याला सहसा कल्पना नसते की त्यातील मोटर अजूनही पावले टाकण्याच्या स्थितीत असू शकते.

लहान नौकांचा प्रवाह वेगळा होता. त्यांच्यावर घूर्णी होकायंत्र परवडणारे नव्हते आणि विजेचा साठाही तुटपुंजा असे. ट्रान्झिस्टर आल्यावर हे चित्र बदलले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन येथे १९५० च्या दशकाच्या मध्यात स्थापन झालेली ब्रूक्स अँड गेटहाउस ही कंपनी दिशाशोधक रेडिओपासून सुरुवात करून वेग, खोली आणि वारा मोजणाऱ्या उपकरणांकडे वळली आणि शर्यतींच्या नौकांवर तिचे नाव घट्ट बसले. याच सुमारास आणि नंतरच्या दोन दशकांत अनेक कंपन्यांनी खोलीमापक बाजारात आणले. पाण्यातील ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजण्याचे तत्त्व जर्मनीतील अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्येच पेटंट करून ठेवले होते. लहान नौकांसाठी त्याचे जे रूप झाले ते मोठे कल्पक होते. एक मोटर ठरावीक गतीने चकती फिरवी, चकतीच्या कडेला निऑनचा छोटा दिवा असे, ध्वनी सोडताना तो शून्यावर चमके आणि प्रतिध्वनी परत येताच दुसऱ्यांदा चमके. दोन चमकांमधील कोन म्हणजेच खोली. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरला तर १५ मीटर खोलीवरून परतायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात चकती किती फिरेल यावरून कडेचे आकडे छापलेले असत. मोटर सुस्तावली की समुद्रही तेवढाच उथळ होई. अशा यंत्राला दुसऱ्या यंत्राशी बोलायचे काही साधनच नव्हते. त्याचे वाक्य डोळ्यांसाठी होते.

इतर मापे थोडी अधिक बोलकी होती. तळाशी पाण्यात फिरणाऱ्या छोट्या चाकाच्या पात्यांत चुंबक बसवून त्यांच्या प्रत्येक फेरीगणिक एक विद्युत ठोका मिळवणे, वाऱ्याच्या वाट्यांच्या फेऱ्यांपासून तसेच ठोके मिळवणे, वाऱ्याच्या पंखाचा कोन दोन किंवा तीन दाबांच्या प्रमाणात सांगणे, इंधनाच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याने विद्युत रोध बदलणे या रीती १९६० आणि १९७० च्या दशकांत रूढ झाल्या आणि आजही जवळजवळ तशाच आहेत. एका दृष्टीने पाहता नौकेवरील सारे जुने संवेदक या तीन वर्गांत बसतात: ठोके, दाबांचे प्रमाण आणि रोध. प्रत्येक कंपनीचे दर्शक मात्र फक्त स्वतःच्या संवेदकाला ओळखत, कारण दाब किती, ठोके किती, तारांचे रंग कोणते, हे जिने तिने ठरवलेले असे.

सर्वमान्य भाषेची गरज प्रथम स्वयंचलित सुकाणूने निर्माण केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोरान-सी या किनाऱ्यावरील रेडिओ केंद्रांच्या आधारे स्थान सांगणारे ग्राहकसंच लहान नौकांवर येऊ लागले होते, आणि नौका ठरवलेल्या मार्गापासून किती ढळली हे ते सांगू शकत. ही माहिती थेट सुकाणूला देता आली तर माणसाचे श्रम वाचणार होते. अमेरिकेतील सागरी इलेक्ट्रॉनिक्सच्या विक्रेत्यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संघटनेने, जी तिच्या आद्याक्षरांवरून एनएमईए म्हणून ओळखली जाते, यासाठी १९८० मध्ये ०१८० आणि १९८२ मध्ये ०१८२ हे मानक काढले. पहिल्याच्या साध्या रूपात मार्गापासूनचे विचलन एकाच बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या एका गटात, सांगून टाकलेले असे. मार्च १९८३ मध्ये आलेले ०१८३ हे मानक मात्र टिकले, आणि ते टिकण्याचे मुख्य कारण, तांत्रिक उत्कृष्टतेपेक्षा, त्याची उघड वाचनीयता हे होते.

या मानकात प्रत्येक माहिती साध्या अक्षरांच्या एका ओळीत पाठवली जाते. ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, पहिली दोन अक्षरे बोलणारे यंत्र कोणते ते सांगतात, पुढची तीन अक्षरे विषय सांगतात, आकडे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात आणि शेवटी ताराचिन्हानंतर एक तपासणी-अंक असतो, जो मधल्या सर्व अक्षरांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून काढलेला असल्यामुळे वाटेत एखादे अक्षर बिघडले तर घेणाऱ्याला ते कळते. उदाहरणार्थ, खोलीमापकाच्या ओळीत एकच खोली फूट, मीटर आणि फॅदम अशा तीन एककांत दिलेली असते; फॅदम म्हणजे सहा फूट, कोकणातील नाखव्याच्या वावाचाच जोडीदार. वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे सुमारे ४८० अक्षरे, आणि एका ओळीची मर्यादा ८२ अक्षरे; म्हणजे पूर्ण लांबीच्या ओळी सेकंदाला सहासुद्धा जात नाहीत. शिवाय एका तारेवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक, असा दंडक असल्यामुळे प्रत्येक नव्या बोलणाऱ्यासाठी नवी तार ओढावी लागे. ऐकणाऱ्याचे प्रवेशद्वार विद्युतदृष्ट्या अलग असावे, म्हणजे संकेत मध्ये प्रकाशाच्या रूपाने पार व्हावा, ही अट मात्र दूरदृष्टीची होती. एका यंत्रातील बिघाड दुसऱ्यात शिरू न देण्याचे काम ती आजही करते.

एका तारेवर एकच वक्ता ही मर्यादा कंपन्यांना जाचू लागली आणि त्यांनी आपापल्या खाजगी भाषा घडवल्या. ब्रूक्स अँड गेटहाउसची फास्टनेट, स्वीडनमधील नेक्सस, आणि या सर्वांत सर्वाधिक पसरलेली सीटॉक. तिचा जन्म इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे डेरेक फॉसेट यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या नॉटेक या कंपनीत झाला, जिचे स्वयंचलित सुकाणू ऑटोहेल्म या नावाने विकले जात. १९९० मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या रेथिऑनने घेतली आणि २००१ मध्ये व्यवस्थापकांनी ती सोडवून घेऊन रेमरीन हे नाव दिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या सीटॉकमध्ये फक्त तीन तारा असतात: तांबडी बारा व्होल्टची, एक भूतार आणि पिवळी माहितीची. एका यंत्रातून निघालेली केबल दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात घालत गेले की काम संपते. वीज आणि संवाद एकाच केबलीतून जातात, आणि यंत्रे कोणत्या क्रमाने जोडली याला महत्त्व नसते. मालकाच्या दृष्टीने याहून सुटसुटीत काही नव्हते, आणि म्हणूनच ही यंत्रे फार मोठ्या संख्येने नौकांवर बसली आणि आजही बसलेली आहेत.

सीटॉकची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या साऱ्या जोडकामाची अडचण आणि गंमत तिच्यातच आहे. पिवळी तार रिकामी असताना बारा व्होल्टवर असते आणि बोलणारे यंत्र तिला खाली खेचून शून्यावर आणते. सर्वांना एकच तार खेचता येत असल्यामुळे दोघे एकदम बोलले तर टक्कर होते, म्हणून प्रत्येक यंत्र बोलण्याआधी तार शांत आहे ना हे पाहते, आणि बोलताना स्वतःचेच शब्द परत ऐकून ते बिघडले तर थांबून पुन्हा प्रयत्न करते. गती एनएमईए ०१८३ इतकीच, सेकंदाला ४८०० बिट. पण प्रत्येक बाइटबरोबर आठ बिटांऐवजी नऊ बिट जातात. हा नववा बिट फक्त संदेशाच्या पहिल्या बाइटला चढवलेला असतो, त्यामुळे मध्येच ऐकू लागलेल्या यंत्रालाही नवा संदेश कुठे सुरू झाला हे लगेच कळते. इंटेलने १९८० मध्ये काढलेल्या ८०५१ या प्रसिद्ध मायक्रोकंट्रोलरमध्ये अनेक चिपांनी एका तारेवर बोलावे म्हणून नेमकी अशीच नवव्या बिटाची सोय दिलेली होती, म्हणजे त्या काळच्या अभियंत्यांना ही रीत परिचयाची होती. घरगुती संगणकाचे प्रवेशद्वार मात्र आठ बिटांपर्यंतच मोजत असे. त्यामुळे सीटॉकची तार संगणकाला नुसती जोडून भागत नसे. समविषमता तपासण्यासाठी ठेवलेल्या बिटाचा आडमार्गाने उपयोग करून नववा बिट ओळखावा लागे.

कंपनीने ही भाषा प्रसिद्ध केली नाही. ती उलगडली ती बाहेरच्यांनी, आणि त्यात जर्मनीतील एका हौशी अभ्यासकाने सिद्ध केलेल्या संदर्भपुस्तिकेचा वाटा सर्वांत मोठा आहे. यंत्रांवरील कळा एकेक दाबून, नौका हलवून, तारेवर काय उमटते ते नोंदत नोंदत संदेशांचा कोश तयार झाला: पहिला बाइट शून्य असेल तर विषय खोलीचा, सोळाच्या पायावरील दहा असेल तर वाऱ्याच्या कोनाचा, वीस असेल तर पाण्यातील वेगाचा, शहाऐंशी असेल तर सुकाणूच्या कळफलकावरील कळ दाबली गेली असे. खोलीच्या संदेशात फुटाचा दहावा भाग हे एकक आहे. त्यामुळे त्यात १०० हा आकडा आला तर खोली दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. जे काम कंपनीच्या एका पानी पत्रकाने झाले असते त्यासाठी कित्येक लोकांचे श्रम खर्ची पडले, आणि ही गुप्तता ग्राहकाच्या हिताची होती असे म्हणणे अवघड आहे. तथापि हेही नोंदवले पाहिजे की पुढे कंपनीने स्वतःच जुन्या सीटॉकला नव्या जाळ्याशी जोडणारी रूपांतरपेटी विक्रीस ठेवली.

याच काळात मोठ्या जहाजांवर असेच जोडकाम कायद्याच्या सक्तीने झाले, जरी इतिहास लिहिताना त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सुधारित पाचव्या प्रकरणानुसार १ जुलै २००२ पासून एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख, स्थान व दिशा रेडिओवरून आपोआप प्रसारित करणारे यंत्र, टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि २००४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांपर्यंत ते पोचले. या यंत्राला जहाजाच्या नाकाची दिशा अंकांत हवी होती, आणि हजारो जुन्या जहाजांवरची घूर्णी होकायंत्रे अजून पावले टाकीत होती किंवा सिंक्रोच्या दाबांत बोलत होती. पाठोपाठ जहाजाचा ब्लॅक बॉक्स मानल्या जाणाऱ्या प्रवासनोंद यंत्राची सक्ती आली, आणि २००६ ते २०१० या काळात त्याची साधी आवृत्ती जुन्या मालवाहू जहाजांवरही बसली. होकायंत्राची पावले मोजून त्यांचे एनएमईए ओळींत रूपांतर करणाऱ्या, आत मायक्रोकंट्रोलर असलेल्या छोट्या पेट्या त्यामुळे गरजेची वस्तू बनल्या. स्पेरीच्या काळातील उणीव या पेट्यांतही उतरली: पेटी सुरू करताना कोणीतरी खरी दिशा हाताने भरली नाही तर ती शून्यापासून मोजू लागते आणि जहाज साऱ्या जगाला चुकीची दिशा सांगते. भारतात २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, हल्लेखोर मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले हे उघड झाल्यावर, वीस मीटरपेक्षा लांब नौकांसाठी एआयएसची सक्ती झाली. लहान नौकांवरील एआयएसला घूर्णी होकायंत्राची अट नसल्यामुळे दिशेच्या रूपांतराचा प्रश्न तिथे तेवढा उद्भवला नाही. एआयएसच्या ओळी मात्र इतक्या दाट असतात की ४८०० चा वेग त्यांना पुरत नाही आणि तिथे ३८,४०० चा वेग वापरला जातो. म्हणून जुना दर्शक आणि एआयएस एकाच तारेवर आणायचे तर मध्ये गती बदलणारा दुभाषी लागतोच.

नव्या शतकाच्या आरंभी आलेले एनएमईए २००० हे मानक या साऱ्या खाजगी भाषांना दिलेले उत्तर होते. मोटारींसाठी बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या जाळ्यावर ते उभे आहे. गती सेकंदाला अडीच लाख बिट, एकाच कण्यासारख्या केबलीवर अनेक वक्ते, आणि टक्कर झालीच तर महत्त्वाचा संदेश न बिघडता पुढे जातो. अक्षरांच्या जागी इथे अंकांचे गट आले: खोली सेंटिमीटरमध्ये, वाऱ्याचा कोन रेडियनच्या दहा-हजाराव्या भागात. पण मानकाची कागदपत्रे विकत घ्यावी लागतात, त्यामुळे इथेही सीटॉकचाच प्रसंग पुन्हा घडला आणि कॅनबोट या मुक्त प्रकल्पाने तारेवरचे संदेश पाहून कोश तयार केला, तर फिनलंडमधील एका प्रोग्रामरने मायक्रोकंट्रोलरवर चालणारे सर्वांना खुले ग्रंथालय, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, लिहिले.

जुनी सीटॉक आणि नवे एनएमईए २००० या दोन्ही धाग्यांना एकत्र आणले ते स्वस्त मायक्रोकंट्रोलर फलकांनी. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी निघालेला आर्दुइनो हा फलक इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण नसलेल्यालाही हाताळता येई. त्यातील चिपेला नऊ बिट वाचता येतात, पण फलकाबरोबर मिळणारी तयार प्रणाली आठच वाचते; त्यामुळे सीटॉकसाठी ती थोडी बदलून घ्यावी लागली. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२ या चिपेत बिनतारी जोडणी आणि कॅन जाळ्याचा नियंत्रक दोन्ही अंगभूत होते. एका छोट्या वाहक-चिपेची जोड दिली की ती थेट एनएमईए २००० च्या कण्यावर बोलू शकते. एका बाजूला पिवळी तार, दुसऱ्या बाजूला नवी केबल आणि मध्ये ही चिप, असा सेतू काही शे रुपयांच्या सुट्या भागांत उभा राहू लागला.

सेतूचे काम वरवर पाहता आकडे इकडून तिकडे नेण्याचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक संवेदकाची स्वतःची खोड सांभाळावी लागते. पाण्यातील चाकाची एक प्रचलित जात सागरी मैलाला २०,००० ठोके देते. सहा नॉटच्या वेगाला हे सेकंदाला सुमारे ३३ ठोके होतात आणि मोजणी सरळ होते, पण अर्ध्या नॉटला सेकंदाला तीनही ठोके पडत नाहीत. तिथे ठोके मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मोजावा लागतो, आणि ठोके थांबले तर किती वेळाने वेग शून्य म्हणायचा हेही ठरवावे लागते. इंधनमापकाच्या रोधाची अमेरिकी परंपरा रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम अशी आहे, तर युरोपीय परंपरा रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या संवेदकावर चालवला तर टाकी भरताना काटा उतरत जाईल. शिवाय जुना मापक तसाच ठेवून त्याच्याच तारेवर दाब मोजायचा असेल तर इंजिन सुरू होताच बॅटरीचा दाब १२ वरून १४ व्होल्टच्या वर जातो हे लक्षात घेऊन दोन्ही दाबांचे गुणोत्तर घ्यावे लागते. वाऱ्याच्या कोनात तर अनेकांची फसगत झाली आहे: वारा समोरून येत असताना कोन ३५९ आणि १ यांमध्ये हेलकावतो, आणि त्यांची साधी सरासरी काढली तर उत्तर १८० येते, म्हणजे वारा मागून. कोनाची ज्या आणि कोज्या वेगवेगळ्या सरासरीत घेऊन मग कोन काढणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, आणि जुन्या संवेदकाचे दोन दाब मुळातच ज्या आणि कोज्या यांच्या प्रमाणात असल्यामुळे तो तिथे आयताच हाताशी असतो.

याहून गंभीर प्रश्न सचोटीचा आहे. सीटॉकच्या खोलीच्या संदेशात संवेदक बिघडला आहे असे सांगणारा बिट आहे. एनएमईए २००० मध्ये आकडा उपलब्ध नाही असे सांगण्यासाठी सर्व बिट चढवलेली एक राखीव संख्या आहे. ०१८३ मधील वाऱ्याच्या आणि स्थानाच्या ओळींत माहिती वैध की अवैध हे सांगणारे अक्षर आहे, पण खोलीच्या जुन्या ओळीत तशी जागाच नाही आणि तिथे रकाना रिकामा सोडणे एवढेच हातात राहते. ज्या दुभाष्याने ही खूण वाटेत गाळली आणि शेवटचा चांगला आकडा पुन्हा पुन्हा पाठवत ठेवला, त्याने नौकेला उथळ पाण्यात नेऊन सोडले असे समजावे. स्वयंचलित सुकाणूला जोडलेल्या सेतूत ही चूक अक्षम्य आहे, आणि हौशी जोडकामावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी हा एकच आक्षेप खरा वजनदार आहे.

दुभाष्याच्या उपयोगाचे सर्वांत शुद्ध उदाहरण तारखेचे आहे. जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत सांगतात, म्हणजे १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. ६ जानेवारी १९८० पासून मोजणी सुरू झाली, पहिला फेर ऑगस्ट १९९९ मध्ये आणि दुसरा ६ एप्रिल २०१९ रोजी पुरा झाला. या फेरासाठी तयार नसलेले ग्राहकसंच ७ एप्रिल २०१९ ला २२ ऑगस्ट १९९९ समजू लागले, तर काहींची मोजणी त्यांचा प्रोग्राम लिहिल्याच्या तारखेपासून होत असल्यामुळे ते भलत्याच दिवशी चुकू लागले. त्यांचे अक्षांश-रेखांश अचूक होते, फक्त तारीख १९ वर्षे ७ महिने मागे गेली. पण त्या तारखेवर भरती-ओहोटीचे गणित, चुंबकीय विचलन आणि प्रवासाच्या नोंदी अवलंबून असल्यामुळे चांगला चाललेला संच निकामी ठरला. कंपनीने नवा प्रोग्राम दिला नाही तर उपाय एकच उरतो: संच आणि नकाशाचा पडदा यांच्या मध्ये एक मायक्रोकंट्रोलर बसवायचा, स्थानाच्या ओळीतील तारीख वाचायची, ती प्रोग्राम लिहिल्याच्या दिवसापेक्षा जुनी असेल तर तिच्यात ७१६८ दिवस मिळवायचे, तपासणी-अंक नव्याने काढायचा आणि ओळ पुढे पाठवायची. घड्याळ मात्र सर्वांसाठी तेच आहे. पुढचा फेर नोव्हेंबर २०३८ मध्ये पुरा होईल.

तोपर्यंत अशा सेतूंपैकी अनेकांचे निर्माते त्या नौकांवर नसतील आणि नौका दुसऱ्या हाती गेलेल्या असतील. तेव्हा जे आज असे जोडकाम करतात त्यांनी तारांचे रंग, प्रत्येक संवेदकाची एकके व मांडणी, बसवलेले फ्यूज आणि प्रोग्रामची पूर्ण प्रत नौकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि नौका विकताना ती नव्या मालकाच्या हाती द्यावी.